लखोट्यात काय घालायचे?

एखाद्या पत्रकाराला पुरस्कार जाहीर झाला की आपल्याला वाटते, कोणी जाणकार मंडळींनी वर्षभराची वर्तमानपत्रे चाळली असतील, त्यातून एक उत्तम लेख शोधला असेल आणि मग त्या लेखकाला बोलावून शाल, श्रीफळ दिले असेल. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तसे नसते. पत्रकाराने किंवा त्याच्या संपादकाने स्वतःच अर्ज भरायचा असतो. वर्षभरात छापून आलेल्यातले निवडक काही जोडायचे, वर थोडक्यात माहिती लिहायची आणि मुदतीच्या आत पाठवायचे. याला प्रवेशिका म्हणतात. पूर्वी कात्रणे लखोट्यात घालून पाठवत, आता संगणकावरून पाठवतात. (पाकीट हा शब्द मुद्दाम टाळतो आहे. पत्रकारितेत त्याचा भलताच अर्थ निघतो!)

म्हणजे परीक्षकांच्या आधी एक निवड होऊन गेलेली असते, आणि ती पत्रकाराने केलेली असते. वर्षभरात तीनशे बातम्या दिल्या, त्यातल्या तीन पाठवायच्या. कोणत्या? जी वाचून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले ती? जिच्यामुळे अधिकाऱ्याची बदली झाली ती? की जिच्यामुळे चार गावांना कालव्याचे पाणी वेळेवर मिळाले, पण जी जेमतेम दहा ओळींची होती ती? मला हा प्रश्न दिसतो तेवढा लहान वाटत नाही. आणि तो नवाही नाही. आपल्या मराठीत त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा १७३१ साली त्रिंबकराव दाभाडे डभईच्या लढाईत पडल्यावर पेशव्यांकडे आली. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही, रक्कम मात्र बरीच कमी करून वर्षाला ५० हजारांवर आणली. पुढे १८४९ साली पुण्यातल्या सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यात लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, पुढे होते. सनातनी मंडळी खवळली. अर्ज देणाऱ्यांना मारहाण होईल अशी धास्ती होती, तेव्हा ज्योतिराव फुल्यांनी आपली माणसे घेऊन त्यांना संरक्षण दिले, असे फुल्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. लेखकाने आपले पुस्तक कमिटीकडे द्यायचे, कमिटीने ते पाहायचे आणि पसंत पडले तर बक्षीस द्यायचे. दक्षिणा दात्याच्या दारी जाऊन घ्यायची असते, बक्षिसासाठी आपले लेखन परीक्षकाच्या दारी न्यावे लागते. पद्धत बदलली, पण दार राहिलेच.

आता या कमिटीच्या काळातली दोन उदाहरणे पाहू.

पहिले लोकहितवादींचेच. त्यांची शतपत्रे म्हणजे मराठी पत्रकारितेतले आरंभीचे मोठे लेखन. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या मुंबईच्या साप्ताहिकात १८४८ पासून ती पत्रे छापून येऊ लागली. नाव शतपत्रे असले तरी भरली १०८. जातिभेद, स्त्रियांची स्थिती, आळस, विद्येची हेळसांड, इंग्रजी राज्य का आले, अशा विषयांवर नेमके दुखरे बोट ठेवणारे लेखन. पण ते 'लोकहितवादी' या टोपणनावाने केलेले. टोपणनावाच्या आड बसलेला माणूस 'हे माझे आहे, याला बक्षीस द्या' म्हणून कमिटीपुढे कसा जाणार? गंमत पाहा. ज्या गृहस्थाने बक्षिसांसाठी खटपट केली, त्याच गृहस्थाचे सर्वांत टिकलेले लेखन बक्षिसाच्या वाटेवरचे नव्हतेच. ते वाचकाने सकाळी वाचावे आणि त्याला झोंबावे, एवढ्यासाठी होते.

दुसरे उदाहरण ज्योतिरावांचे. १८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीला सादर केले. तेव्हा फुले काही अनोळखी नव्हते. १८५२ साली सरकारने विश्रामबागवाड्यात त्यांचा शाळांच्या कामाबद्दल जाहीर सत्कार केला होता. शाळा काढणारे फुले सरकारला पसंत होते. नाटकात मात्र त्यांनी एक गरीब कुणबी आणि त्याची गरोदर बायको दाखवली. जोशीबुवा ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडतात आणि शेवटी ती दोघे शिकायला निघतात. कमिटीने हे नाटक नापसंत केले. कमिटीतल्या भट सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) स्वतः नोंदवून ठेवले आहे. नाटक छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे एकशे चोवीस वर्षे!

वर्गात शिकवताना एक प्रश्न मुले हमखास विचारत, की नाकारणार हे फुल्यांना कळत नव्हते का? मला वाटते, कळत असावे. कमिटीत कोण बसले आहे हे पुण्यात कोणाला ठाऊक नव्हते? त्यांनी एखादे निरुपद्रवी नीतिबोधाचे पुस्तक लिहून दिले असते तर कदाचित बक्षीसही मिळाले असते. पण त्यांना जे सांगायचे होते तेच त्यांनी पुढे ठेवले. अर्ज करण्यात कमीपणा नाही, हेही यातून दिसते. फुल्यांनी अर्ज केलाच होता. फक्त अर्जासाठी लेखन बदलले नाही.

आणि नकार परक्याकडूनच येतो असेही नाही. 'शेतकऱ्याचा असूड' फुल्यांनी १८८३ साली पुरा केला. त्याची प्रकरणे त्यांनी 'दीनबंधु'कडे दिली. 'दीनबंधु' म्हणजे सत्यशोधकांचेच पत्र. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवलेले. लोखंड्यांनी पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापायचे थांबवले. घरच्या संपादकालाही तो असूड पेलला नाही. कांद्या-मक्याच्या आमच्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला आज ते पुस्तक वाचून दाखवा, त्याला ते आपलेच वाटेल.

आता एकदम सातासमुद्रापार जाऊ, कारण पत्रकारांच्या पुरस्कारांची चर्चा तिकडच्या पुलित्झरशिवाय पुरी होत नाही. जोसेफ पुलित्झर हा अमेरिकेतला वृत्तपत्रांचा मालक. तो १९११ साली वारला. त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून कोलंबिया विद्यापीठाने १९१७ पासून हे पुरस्कार सुरू केले. पद्धत आपल्या दक्षिणा कमिटीसारखीच. आधीच्या वर्षातले काम फी भरून पाठवायचे, प्रत्येक विभागाचे परीक्षक तीन नावे काढतात आणि वरचे मंडळ अंतिम निवड करते. परीक्षक वाचतात ते जे पाठवले आहे तेच.

याच पद्धतीतून १९८१ सालचे प्रसिद्ध प्रकरण घडले. जॅनेट कुक ही 'वॉशिंग्टन पोस्ट'ची तरुण वार्ताहर. २८ सप्टेंबर १९८० रोजी तिची पहिल्या पानावर बातमी आली. आठ वर्षांचा जिमी नावाचा मुलगा, हेरॉइनच्या व्यसनात अडकलेला. शहर हादरले. पोलिसांनी मुलाचा शोध घेतला, तो सापडला नाही. कचेरीतही काही जणांना शंका होत्या. तरी वर्षअखेर संपादकांनी तीच बातमी पुलित्झरला पाठवली. १३ एप्रिल १९८१ रोजी पुरस्कार जाहीर झाला आणि दोन दिवसांत परत करावा लागला, कारण जिमी अस्तित्वातच नव्हता. कुकने राजीनामा दिला. ती उघडी कशी पडली ते मोठे बोधप्रद आहे. बातमीतल्या चुकीमुळे नव्हे, तर पुरस्कारासाठी दिलेल्या स्वतःच्या माहितीमुळे! त्यात तिने आपले शिक्षण वाढवून सांगितले होते. पुरस्कार जाहीर झाल्यावर ती माहिती सगळीकडे छापून आली. ती पूर्वी जिथे नोकरीला होती तिथल्या लोकांनी वाचली आणि म्हणाले, हे जुळत नाही. तेवढा एक धागा ओढला आणि सगळे वस्त्र उसवले.

यात दोष एका मुलीचा होताच. पण त्या बातमीला पुढे करणाऱ्यांचे काय? ती पाठवली गेली कारण ती वाचताना काळीज हलत होते. 'परीक्षकांना काय हलवील?' हा प्रश्न मनात आला की 'हे खरे आहे का?' हा प्रश्न मागच्या बाकावर जाऊन बसतो. परीक्षेत मुले निबंध लिहितात तेव्हाही हे दिसते. 'माझी आजी' या विषयावर ज्यांच्या आज्या धडधाकट आहेत तेही निबंधाच्या शेवटी आजीला मारून टाकतात, कारण त्याला गुण जास्त पडतात असा त्यांचा समज असतो.

बरे, खरे असले तरी प्रश्न सुटतोच असे नाही. २८ जानेवारी २०२० रोजी आमच्या देवळा तालुक्यात, मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशीजवळ एसटी बस आणि रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत पडली. २६ माणसे गेली. रात्रभर क्रेनने बाहेर काढणे चालले होते. वार्ताहर आणि छायाचित्रकार तिथे होते आणि ते असायलाच हवे होते. नावे कळणे, नातेवाइकांना निरोप जाणे, रस्त्याकडेच्या उघड्या विहिरींचा प्रश्न पुढे येणे, हे बातम्यांमुळेच होते. पण वर्ष संपताना त्या रात्रीचा एखादा फोटो 'वर्षातील उत्कृष्ट छायाचित्र' म्हणून पाठवायचा का? मी 'नाही' असे एका शब्दात म्हणणार नाही. केव्हिन कार्टरने १९९३ साली सुदानमध्ये काढलेला, भुकेने कोसळलेले मूल आणि मागे बसलेले गिधाड, हा फोटो पाहून जगाला तिथला दुष्काळ कळला. १९९४ साली त्याला पुलित्झर मिळाले, आणि 'तू त्या मुलासाठी काय केलेस?' हा प्रश्नही त्याच फोटोने त्याच्या गळ्यात बांधला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने आत्महत्या केली. कारणे अनेक असतील, एका फोटोवर सगळे ढकलू नये. पण दुसऱ्याचे दुःख आपल्या नावाने लखोट्यात घालताना हात थोडा थांबावा एवढे तरी वाटते. ज्यांची माणसे गेली त्या घरात जाऊन 'तुमच्या त्या रात्रीला पहिले बक्षीस मिळाले' असे आपल्याला सांगता येईल का? सांगता येत असेल तर खुशाल पाठवावे.

आता उलट बाजूचे उदाहरण, तेही तालुक्यातलेच. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुका होत्या. उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या बातम्या आणि चित्रफिती बाहेर आल्या. बोली दोन कोटींच्या वर गेली होती, मंदिरासाठी म्हणून. राज्य निवडणूक आयोगाने याची दखल घेतली आणि मतदानाच्या दोन दिवस आधी उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. अशा बातमीत लेखनाचा थाट कुठे असतो? जे घडले ते, जसे घडले तसे सांगितले. पण मतदाराचा हक्क लिलावात काढता येत नाही, हे राज्यभर कळले. पुस्तकातला नागरिकशास्त्राचा धडा शिकवून मुलांना जे समजत नाही, ते अशा एका बातमीने समजते.

त्याहूनही साधे काम म्हणजे रोजचे बाजारभाव. उन्हाळ कांद्याची आवक किती, किमान, कमाल आणि सरासरी भाव किती, चणकापूरच्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार, भारनियमनाच्या वेळा काय. चौकटीतल्या या चार ओळींवर शेतकरी ट्रॅक्टर भरायचा की चाळीत कांदा ठेवायचा ते ठरवत आला आहे. आज भाव मोबाइलवर येतो, तरी तो कोणीतरी जाऊन, विचारून, तपासून दिलेलाच असतो. एक आकडा चुकला तर हजारोंचे नुकसान. वर्षानुवर्षे न चुकता बरोबर भाव देणाऱ्या वार्ताहराने प्रवेशिका म्हणून काय जोडायचे? तीनशे चौकटी? त्याचे कामच असे की त्यातला कोणताही एक तुकडा कापून दाखवता येत नाही. पुरस्काराच्या पद्धतीतला दोष मला इथे दिसतो. जे एका कात्रणात मावते तेच तिला दिसते.

आम्हा शिक्षकांना हे चांगले ठाऊक आहे. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव करावा लागतो. फायली, फोटो, दाखले. राष्ट्रीय पुरस्कारासाठी तर २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. वृक्षारोपणाचा फोटो फायलीत लागतो. पण गणितात सारखा नापास होणारा एक मुलगा शाळा संपल्यावर रोज अर्धा तास थांबवून घेतला आणि तो दहावी पास झाला, याचा फोटो कोणी काढलेला नसतो. राज्याच्या शिक्षक पुरस्काराला आता सावित्रीबाईंचे नाव आहे, हे योग्यच झाले. मात्र सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे झेलले तेव्हा कोणतीही फाइल तयार होत नव्हती.

पुरस्कार देणारा कोण, हाही मुद्दा आहेच. पी. साईनाथ यांनी विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर वर्षानुवर्षे लिहिले. त्यांना २००७ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे स्वतः अर्ज करायचा नसतो, दुसऱ्यांनी नाव सुचवायचे असते. पण २००९ साली पद्मभूषण देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. पत्रकार ज्या सरकारवर लिहितो त्याच्याकडून त्याने पुरस्कार घेऊ नये, अशी त्यांची भूमिका. सगळ्यांनाच ती पटेल असे नाही, पण तिच्यामागे आपल्या राज्यातला अनुभव आहे. विनय हर्डीकर यांचे आणीबाणीवरचे 'जनांचा प्रवाहो चालिला' हे पुस्तक १९७८ साली आले. १९८१ मध्ये त्याला ठरलेला राज्य पुरस्कार अंतुले सरकारने रद्द केला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने आठवडाभरात मागे घेतला. दोन्ही वेळा सरकारे वेगळ्या पक्षांची, कारणेही वेगळी. पण १८५५ च्या कमिटीत आणि यांत मला फारसे अंतर दिसत नाही. फरक एवढाच, की कमिटीने आधीच नापसंत केले आणि यांनी पसंत करून मग नापसंत केले! 'जनांचा प्रवाहो चालिला' पुरस्कार गेल्यावरही वाचले गेले आणि आजही आणीबाणीबद्दल बोलताना त्याचे नाव निघतेच.

मग पत्रकाराने अर्जच करू नये का? तसे मी म्हणणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराला मानधन किती मिळते हे आपण जाणतो. पुरस्काराने त्याला घरात, गावात आणि कचेरीत जरा किंमत येते. दमदाटी करणाराही थोडा विचार करतो. शिवाय वर्षातून एकदा आपलीच कात्रणे काढून वाचायला बसणे ही चांगली सवय आहे. आपण काय केले, काय करायचे राहिले, कोणती बातमी देऊन पुढे तिचे काय झाले ते पाहायला गेलोच नाही, हे सगळे त्या ढिगात दिसते.

फक्त निवडताना क्रम उलटा असू नये. कुठला परीक्षक आहे, त्याला काय आवडते, मागच्या वर्षी कशाला मिळाले, हे आधी पाहून मग त्या मापाची बातमी शोधायला निघणे, हे काही पत्रकारितेचे काम नव्हे. आधी काम, मग त्यातले जे आपल्याला स्वतःला खरे आणि उपयोगाचे वाटते ते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर वाचून दाखवता येईल असे. दहा ओळींचे असले तरी चालेल. परीक्षकांनी नापसंत केले तर करू द्यावे. 'तृतीय रत्न' नापसंत करणाऱ्या त्या सभासदांची नावे आज आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

आपल्या माहितीत अशी एखादी छोटी बातमी आहे का, जिला कुठलेच बक्षीस मिळाले नाही पण जिच्यामुळे गावाचे काही भले झाले? असल्यास जरूर कळवा. वाचायला आवडेल.